पडद्यावरचा बम

तो कधी चोरपावलांनी येत नाही. ‘कमांड अँड कॉन्कर: जनरल्स’ या खेळात कुणी चिनी बाजू घेतली, पाच हजार डॉलर मोजले आणि त्याचं घर बांधून काढलं, की खेळणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर एक घड्याळ उमटतं. सहा मिनिटं. मग पाच एकोणसाठ, पाच अठ्ठावन्न. रणगाडा कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा शत्रूला पत्ता नसतो, विमान उडतं तेव्हाही नसतो. हा मात्र आपली वेळ आधीच जाहीर करून बसतो. अमेरिकी बाजूची किरणांची तोफ चार मिनिटांत तयार होते, तिसऱ्या बाजूची स्कड क्षेपणास्त्रं पाच मिनिटांत. सगळ्यांत उशिरा हाच. उशीर हा त्याच्या मोठेपणाचाच भाग आहे, हे त्यालाही ठाऊक असावं.

हा खेळ २००३ साली आला आणि थोड्याच काळात वऱ्हाडातल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत पोचला. कुणीतरी नागपूरहून सीडी आणायचा, मग त्या एका सीडीवर अख्खा मजला खेळायचा. खिडकीतून खिडकीत निळ्या वायरी लोंबकळायच्या, त्यांच्यावर कधी कुणाचा टॉवेलही वाळत असायचा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर, वाशीम अशा ठिकाणांहून आलेली पोट्टी चार खोल्यांत चार देश होऊन बसायची. तोवर गप्पा चाललेल्या असायच्या, मेसच्या पोळ्यांना शिव्या चाललेल्या असायच्या. घड्याळ दिसलं की आवाज बदलायचे.

“अबे, कोनाचा बम हाये?”

“माहा नाई.”

“मंग चीन कोन हाये?”

चीन तिसऱ्या खोलीत असायचा आणि गप्प बसलेला असायचा. त्या सहा मिनिटांत माणसाची जात कळते. कुणी तडक हल्ला करून बमचं घरच पाडायला निघतो. कुणी तह करायला उठून त्याच्या खोलीत जातो, सोबत चहाचं आमिष घेऊन. कुणी आपल्या इमारती लांब लांब बांधायला लागतो, म्हणजे पडलाच तर एकाच घासात सगळं जाणार नाही. एक जातिवंत वऱ्हाडी युक्ती मात्र निराळी होती. बम आकाशातून खाली यायला लागला की ज्या इमारतीवर तो पडणार ती विकून टाकायची. खेळात इमारत विकली की निम्मे पैसे परत मिळतात. “इकून टाक बे, इकून टाक!” असा गलका व्हायचा आणि बम मोकळ्या प्लॉटवर पडायचा. अण्वस्त्राच्या इतिहासात त्याची इतकी फजिती दुसरीकडे कुठं झाली असेल असं वाटत नाही.

त्याचा खरा वैरी मात्र खेळात नव्हताच. तो होता भारनियमन. त्या वर्षांत लाइन जायची वेळ ठरलेली असायची, आणि जो हरत आलेला असेल त्याचा एक डोळा बमच्या घड्याळावर आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळावर. “चार वाजता लाइन जाते, तवरी टिकून राय फक्त.” चार वाजले, पंखा मंदावला, पडदा काळा. एका कॉम्प्युटरला यूपीएस असायचा, तो तेवढा पिकपिक करत राहायचा. त्या पडद्यावर जग शाबूत असायचं, बाकीच्यांशी तार मात्र तुटलेली. चीनवाला पोट्टा बाहेर येऊन ओरडायचा की दहाच सेकंद राहिले होते. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

शेवटी प्रत्येक मजल्यावर एक नियम ठरायचा: बम नाही. रणगाडे हवे तेवढे, विमानं हवी तेवढी, विषाची फवारणीसुद्धा चालेल, बम नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘झिरो अवर’ या पुरवणीत तर महाअस्त्रांवर मर्यादा घालायची सोय खेळ सुरू करायच्या आधीच दिलेली होती, एक चौकट टिचकी मारून भरायची की झालं. म्हणजे ज्यांनी त्याला जन्माला घातलं त्यांनीच त्याला आवरायची कडीही बसवून दिली. कोणत्याही मुत्सद्द्याशिवाय, संयुक्त राष्ट्रांशिवाय, अमरावतीच्या बडनेरा रोडवरच्या एका मजल्यावर अण्वस्त्रबंदी करार पाच मिनिटांत व्हायचा आणि पाळलाही जायचा. कारणही साधं होतं. बम आला की बाकीचा खेळ फुकट जायचा.

हेच त्याचं दुखणं आहे. खरा तसा दाखवला तर एका बटणात खेळ संपतो, आणि तासभर राबून उभं केलेलं राज्य एका क्षणात गेलेलं कुणालाच आवडत नाही. जाणाऱ्याला तर नाहीच, उडवणाऱ्यालाही थोड्या वेळानं कंटाळा येतो. त्याला माणसाळवला तर तो दिवाळीतला सुतळी बॉम्ब होऊन बसतो: आवाज मोठा, धूर मोठा, आणि दुसऱ्या मिनिटाला सगळे पुन्हा आपापल्या कामाला. खेळ रचणारे गेली साठ वर्षं या दोन टोकांच्या मध्ये त्याला कुठं बसवायचं याचा विचार करताहेत.

बहुतेकांनी सोपा मार्ग घेतला: महाग करा, उशिरा आणा, आणि आधी ओरडा. ‘रेड अलर्ट २’ मध्ये तो दहा मिनिटं घेतो आणि त्याचं घर बांधून झालं की नकाशावर सगळ्यांना दिसतं. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये, १९९८ सालच्या, त्याला दिसणंच नाही. एक एकटा सैनिक लपतछपत शत्रूच्या वस्तीपाशी जातो आणि जमिनीवर नेम धरून उभा राहतो. सगळ्यांना इशारा ऐकू येतो, पण कुठं ते कळत नाही. मग जो तो आपल्या वस्तीत एक बारीक लाल ठिपका शोधत सुटतो, छपराखाली, खाणीजवळ, झाडाच्या कडेला. ठिपका सापडला आणि तो सैनिक मारता आला, तर बम वाया गेला, पैसे बुडाले. मला त्याची ही मूर्ती सगळ्यांत जमलेली वाटते. इथं त्याची ताकद स्फोटात कमी आणि त्या शोधाशोधीत जास्त आहे. काही सेकंद माणसाच्या पोटात जो गोळा येतो, तो मात्र अगदी खऱ्यातला असतो.

त्याचे काही पूर्वज याहून तिखट होते. १९६५ साली अमेरिकेत ‘न्यूक्लिअर वॉर’ नावाचा पत्त्यांचा खेळ आला. त्यात ज्याचा देश बेचिराख होतो त्याला मरताना हातातली सगळी क्षेपणास्त्रं सोडायची मुभा असते. मग एकानं दुसऱ्याला मारायचं, दुसऱ्यानं मरता मरता तिसऱ्याला, तिसऱ्यानं पहिल्याला, आणि कैक वेळा टेबलावर जिंकणारा कुणी उरतच नाही. खेळणारे हसत असतात. हा पूर्वज विनोदी होता, पण त्याला गणित पक्कं कळलेलं होतं.

त्याला सर्वांत कडक शिस्त लावली ती ख्रिस क्रॉफर्ड या माणसानं. १९८५ सालचा त्याचा ‘बॅलन्स ऑफ पॉवर’ हा खेळ मॅकिंटॉशवर चालायचा. तुम्ही अमेरिका किंवा रशिया, समोर जगाचा नकाशा, आणि प्रश्न असा की छोट्या देशांतल्या भांडणांत आपण किती ताणायचं. तुम्ही निषेध करता, समोरचा मागं हटत नाही. तुम्ही आवाज चढवता, तोही चढवतो. एका पायरीपुढं गेलं की युद्ध पेटतं, आणि तेव्हा पडद्यावर काय येतं? काहीच नाही. काळ्या पडद्यावर काही ओळी: तुमच्यामुळे अणुयुद्ध झालं, आणि नाही, स्फोटाचं चित्र, उडणारी माणसं असं काही दाखवणार नाही, कारण अपयशाला आम्ही बक्षीस देत नसतो. बसा. अणुस्फोटाचं छत्र हे सगळ्या खेळांत बमचं सर्वांत आवडतं वस्त्र. क्रॉफर्डनं तेच काढून घेतलं. त्यानंतर इतक्या सफाईनं त्याचा अपमान फारसा कुणी केलेला नाही.

‘रेड अलर्ट’वाल्यांनी त्याला घड्याळ दिलं, तर २००३ सालच्या ‘राइज ऑफ नेशन्स’नं त्याला सामाईक घड्याळ दिलं. कुणीही एक बम टाकला की मोजणी एकानं उतरते आणि ती संपली की सगळेच हरतात, टाकणारा, झेलणारा आणि कोपऱ्यात मुकाट्यानं शेती करणारासुद्धा. दोन वर्षांनी आलेल्या ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ या शीतयुद्धावरच्या पटावरच्या खेळात आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी आणखी एक पेच घातला: तणावाची पट्टी शेवटच्या घरात गेली की तेव्हा ज्याची पाळी असेल तो हरला. मग दोघंही समोरच्याच्या पाळीत त्याच्याकडून ती चूक घडवून आणायच्या मागे लागतात. बम पटावर एकदाही पडत नाही, पण तीन तास प्रत्येक पत्ता त्याच्याकडे एक नजर टाकूनच खेळला जातो. शीतयुद्ध जगलेली माणसं सांगतात ते याच्या फार जवळचं असावं.

आणि मग २००६ चा ‘डेफकॉन’, ब्रिटनमधल्या इन्ट्रोव्हर्जन या छोट्या कंपनीचा. निळ्या काळोखात उजळलेला जगाचा नकाशा, शहरांचे ठिपके, आणि पाचवरून एकवर उतरणारी सज्जतेची पातळी. एकवर आलं की क्षेपणास्त्रं सुटतात, बारीक पांढऱ्या रेघा काढत जातात, आणि शहराच्या नावापाशी एक आकडा चमकतो: इतके दशलक्ष मेले. किंकाळी नाही, आग नाही. नेहमीच्या पद्धतीत शत्रूचे दहा लाख मारले की दोन गुण मिळतात आणि आपले दहा लाख गेले की एक गुण जातो. म्हणजे तुमचे निम्मे लोक गेले तरी तुम्ही जिंकू शकता, आणि जिंकल्यावर पडद्यावर विजेत्याचं नाव येतं तेव्हा त्या नावाचा देश उरलेला आहे की नाही हे विचारायचं नसतं. हा खेळ खेळताना बमचं एक वेगळंच रूप दिसतं: तो कारकून आहे. टेबलामागे बसून आकडे टिपणारा. मला त्याची भीती वाटली ती इथंच. रोषणाईतल्या बमची कधी वाटली नाही.

वऱ्हाडातल्या मुलांना त्याचं जे रूप सर्वांत प्रिय आहे ते मात्र वेगळंच. ते आहे गांधीजींच्या हातातलं.

‘सिव्हिलायझेशन’ हा सिड मायरचा खेळ १९९१ साली आला. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि अंतराळयानापर्यंत जायचं. त्यात जगातली आश्चर्यं बांधता येतात: पिरॅमिड, मायकेलअँजेलोचं चॅपेल, आणि त्याच यादीत मॅनहॅटन प्रकल्प. गंमत अशी की मॅनहॅटन प्रकल्प कुणीही बांधला तरी ज्याच्याकडे विद्या आहे त्या सगळ्यांनाच बम करता येतो. बांधणाऱ्यानं पैसे घालायचे आणि फळ शेजाऱ्यानंही खायचं. खेळापुरती केलेली सोय म्हणावी तर इतिहासाशी तिचं बरंच जुळतं: अमेरिकेनं १९४५ मध्ये केला, रशियानं १९४९ मध्ये चाचणी घेतली.

या खेळात भारताचे नेते गांधीजी. आणि खेळणाऱ्यांची हकीकत अशी की म्हातारा शेवटी शेवटी बमची धमकी देतो. याला एक कहाणी चिकटली. गांधीजींच्या आक्रमकपणाचा आकडा एक होता, लोकशाही आली की तो दोननं कमी व्हायचा, एकातून दोन गेले की कॉम्प्युटरला उणे एक मोजता येईना, म्हणून तो फिरून २५५ वर गेला, आणि जगातला सर्वांत शांत माणूस सर्वांत भांडखोर झाला. कहाणी इतकी सुबक आहे की कॉम्प्युटर शिकवणारी माणसं ती फळ्यावर उदाहरण म्हणून लिहू लागली. ती खोटी आहे. मायरनं २०२० सालच्या आपल्या आत्मकथेत तसं स्वच्छ सांगितलं, आणि दुसऱ्या भागाचा मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यानंही आकड्यांच्या मुळात तीनच पायऱ्या होत्या असं सांगितलं. त्या जुन्या खेळात धमकीचं वाक्य सगळ्या नेत्यांना एकच होतं. भारत विद्येत पुढं जायचा म्हणून त्याच्याकडे बम लवकर यायचा, आणि गांधीजींच्या तोंडी ते वाक्य ऐकलेला माणूस ते विसरायचा नाही. चंगेजखानाच्या तोंडचं कोण लक्षात ठेवतो?

पण पुढची गोष्ट खरी आहे. २०१० च्या पाचव्या भागात जॉन शेफर या रचनाकारानं गांधीजींच्या बम वापरण्याच्या ओढीला मुद्दाम बारा आकडा दिला. पट्टी दहाची, आकडा बारा. खेळ दर वेळी नेत्यांच्या आकड्यात दोन इकडं-तिकडं करतो, म्हणून बारा दिले, म्हणजे दोन कमी झाले तरी दहा राहावेत. विनोदाला इतकी काळजीपूर्वक हमी क्वचितच मिळते.

अमरावतीत हा विनोद जरा जास्तच जवळ येतो. बडनेऱ्याला गाडीत बसलं की दीड-दोन तासांत वर्धा, तिथून पुढं सेवाग्राम. शाळेची सहल एकदा तरी तिथं गेलेली असते. मातीच्या भिंतींची ती कुटी, चटई, चरखा पाहून आलेली पोरं संध्याकाळी कॉम्प्युटरपुढं बसतात आणि तोच म्हातारा त्यांना सांगतो की जमीन दे, नाहीतर बम टाकतो. कुणाला राग येत नाही. “बापू तापले बे,” एवढंच. खऱ्या गांधीजींनी जुलै १९४६ च्या ‘हरिजन’मध्ये या विषयावर लिहिलं होतं, सूर असा की हिंसेनं हिंसा जात नाही तसा बमनं बमही जाणार नाही. खेळ रचणाऱ्याला हे वाक्य नियम म्हणून घालता आलं असतं. कुणी घातलं नाही, कारण नियम झाला की खेळाडूला करायला काही उरत नाही. २०२५ च्या सातव्या भागात भारताकडून सुरुवातीला सम्राट अशोक आला, गांधीजी नव्हते. बमचा एक जुना सोबती गेला.

खऱ्या जगात तो कसा वागतो? पडद्यावरच्यापेक्षा फारच कमी बोलतो. पोखरणला १८ मे १९७४ ला एकदा आणि मे १९९८ मध्ये ११ आणि १३ तारखेला तो आवाज करून गेला, तोही जमिनीखाली. ४ जानेवारी २००३ ला सरकारनं त्याचे नियम जाहीर केले: आपण पहिला टाकणार नाही, कुणी टाकला तर उत्तर प्रचंड असेल, हुकूम देणारी राजकीय परिषद पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली. अमरावतीच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा राजकमल चौकात पोरं अभिमानानं सांगायची की आता बटण आपल्या ताईच्या हातात. सैन्याच्या सर्वोच्च प्रमुख त्या होत्याच, पण बटणाची व्यवस्था तशी नाही, हे सांगून कुणाचा आनंद घालवावा असं कुणाला वाटलं नाही.

पोखरणनंतर वर्षभरात कारगिल झालं. दोन्ही बाजूंना तो होता आणि तरी लढाई तोफांनी, बंदुकांनी, डोंगर चढणाऱ्या पायांनी झाली. हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता. कोपऱ्यात बसून त्यानं लढाईची हद्द आखून दिली. आता हे खेळात कसं दाखवायचं? खेळात ज्या गोष्टीला पैसे दिले ती वापरली नाही तर पैसे बुडाले असं मानतात. कॉम्प्युटर खेळत असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण त्याला घाबरता येत नाही. तुमच्याकडे वीस बम आहेत हे त्याला आकडा म्हणून कळतं, आणि आकडा जुळला की तो खुशाल चाल करून येतो. माणसासमोर माणूस बसला की तेवढा बम खरा होतो. होस्टेलातल्या त्या चहाच्या आमिषात जेवढं वास्तव होतं, तेवढं बड्या कंपन्यांच्या धुराच्या ढगांत नाही असं माझं मत आहे.

आणि धूर तरी खरा कुठं असतो? हिरोशिमावरचा बम सुमारे १५ किलोटनचा, म्हणजे आजच्या मानानं लहानच. त्यानं साधारण दीड किलोमीटरच्या परिघात जवळजवळ काही उभं ठेवलं नाही, आणि १९४५ संपेपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. तो परीघ राजकमल चौकातून काढला तर अंबादेवीचं देऊळ त्यात, रेल्वे स्टेशन त्यात, जवाहर गेट आणि आतली जुनी वस्तीही त्यात. पेंढाऱ्यांपासून वाचायला निजामाच्या काळात बांधलेला परकोट अजून तुकड्या-तुकड्यांनी उभा आहे. कोट बांधायचा आणि आत बसायचं हे डावपेचांच्या खेळातलं पहिलं शिक्षण अमरावतीकरांनी दोनशे वर्षांपूर्वीच घेतलं होतं. ‘सिव्हिलायझेशन’च्या पहिल्या भागात बम पडला की शहराची लोकसंख्या निम्मी होते, आजूबाजूला प्रदूषण पसरतं, मग मजूर पाठवून ते साफ करायचं, आणि काही पाळ्यांत शहर पुन्हा वाढायला लागतं. ‘जनरल्स’मध्ये तर जमीन थोडा वेळ हिरवी चमकते, त्यावरून चालणारं पायदळ मरतं, मग चमक विझते. तेवढ्यात पुढचा रणगाडा तयार झालेला असतो.

त्याचा एक सख्खा भाऊ आहे, आणि तो अकोल्यात राहतो. त्याची ओळख कुठल्याच खेळात नाही. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून, किरणोत्सारानं बियाण्यात बदल घडवून आणि त्यातून निवडून, संकरून, नवी वाणं काढली. १९८५ साली आलेला उडीद टीएयू-१, म्हणजे ट्रॉम्बे अकोला उडीद. नंतर भुईमूग टीएजी-२४, ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट: ठेंगणं झाड, लवकर येणारं, शेंगा भरपूर. हा उडीद इतका पसरला की महाराष्ट्रातल्या उडदाच्या रानाचा फार मोठा भाग एके काळी त्याच्याखाली होता. आपल्या घरच्या वड्यांत अणुविज्ञान आहे हे किती जणांना माहीत असतं, कोण जाणे. पेरणाऱ्यालाही नाव आठवतं ते दुकानदार सांगतो तेवढंच: “टीयू वन द्या.”

‘सिव्हिलायझेशन’सारख्या खेळांत विद्येचं एक झाड असतं. त्यावर अणुविखंडन अशी फांदी असते, आणि तिला दोनच फळं लागतात: बम आणि वीजघर. उडीद कुठंच नाही. अकोल्याला जठारपेठेत राहणारा माझा भाचा ‘सिव्हिलायझेशन’चा सहावा भाग लॅपटॉपवर खेळत होता तेव्हा मी हा मुद्दा काढला. त्यानं खेळ थांबवला नाही, पण विचार केला.

“उडदानं काय होईन, मामा?”

“लोक जेवतील.”

“म्हंजे फूड प्लस वन.”

“एवढंच?”

“प्लस टू घ्या मंग.” त्यानं पाळी संपवली आणि शेजारच्या राज्याकडं बघितलं. “पन उडदाले कोनी घाबरत नाई न, मामा.”